एमआरआयचा चिलर दुपारी ट्रिप होतोय: गॅस टाकण्याआधी काय बघायचं

तुमची हकीकत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. अकोल्यातलं डायग्नोस्टिक सेंटर, दीड टेस्लाचा एमआरआय, त्याला थंड पाणी पुरवणारा गच्चीवरचा एअर-कूल्ड (हवेने थंड होणारा) चिलर, त्यातला गॅस आर-४१०ए. एप्रिलपासून भर दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतो, म्हणजे गॅसचा दाब फार चढला की आपोआप बंद पडतो, संध्याकाळी रीसेट केला की सुरळीत चालतो. एसीवाल्याने दोनदा गॅस टाकला, तेव्हापासून उलट लवकर ट्रिप व्हायला लागला. रात्री लाइट जाऊन आली की कधीकधी चिलर बंदच राहतो. मॅग्नेटमधल्या हेलियमची पातळी ७८ टक्क्यांवरून ७१ वर आली आहे. चिलरवाले म्हणतात नवा घ्या. तुमचे प्रश्न दोन: नवा घ्यावा का, आणि पाणी कमी झालंय तर बोअरचं टाकलं तर चालेल का?

बोअरचं पाणी टाकू नका. नव्या चिलरची ऑर्डर आज देऊ नका. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी आता गॅसच्या नळकांड्याला हात लावू देऊ नका.

तुमचा चिलर दुपारी पडतो आणि संध्याकाळी चालतो, यातच निम्मं निदान आहे. गॅस कमी असता तर तो लो प्रेशरवर पडला असता. हाय प्रेशरवर पडतोय याचा अर्थ कंडेन्सरमधून, म्हणजे बाहेरच्या हवेत उष्णता फेकणाऱ्या कॉइलमधून, उष्णता बाहेर जात नाही. हिशेब करून बघा. कंडेन्सरमधल्या गॅसचं तापमान कॉइलवर येणाऱ्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंश वर असतं. बाहेर ४५ असेल तर आत ५७-५८, म्हणजे आर-४१०ए चा दाब ३५ बारच्या आसपास. हे मशीनला झेपतं. पण गच्चीचा तापलेला स्लॅब, तीन बाजूंना भिंत आणि वर पत्र्याचं शेड असेल, तर पंख्याने फेकलेली गरम हवा वळसा घेऊन परत कॉइलवरच येते. मग हवामान खात्याच्या लेखी ४५ असताना तुमच्या कॉइलवर ५२ असतं, आत ६५ च्या आसपास, आणि दाब ४१-४२ बार. बऱ्याच मशीनचा कट-आउट (मशीन बंद करणारी दाबाची मर्यादा) तिथेच असतो. मशीन बिचारं स्वतःला वाचवतंय.

त्यात दोनदा गॅस टाकला गेला. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचतो, तेवढी कॉइल उष्णता फेकायच्या कामातून बाद होते आणि दाब आणखी चढतो. गॅस टाकल्यावर आजार वाढला, तो यामुळेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. यावर उपाय एकच. रिकव्हरी मशीन असलेला माणूस बोलवा, सगळा गॅस काढून घ्या, लीक टेस्ट आणि व्हॅक्यूम करा, आणि नेमप्लेटवर लिहिलाय तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरा. ‘गेज बघून अंदाजाने भरतो’ म्हणणारा घरच्या एसीला ठीक आहे. इथे नको.

पण त्याच्याही आधी कॉइल. अकोल्यासारख्या कापसाच्या गावात जिनिंगचा तंतू हवेत असतो, तो फिन्सवर (कॉइलच्या पातळ पात्यांवर) बसतो आणि त्यावर धूळ चिकटून नमदा तयार होतो. बाहेरून कॉइल स्वच्छ दिसते, टॉर्च मारला की पलीकडे उजेड दिसत नाही. चिलरचा मेन स्विच बंद करून, आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला, साध्या पाइपच्या धारेने धुवा. गाड्या धुवायचा प्रेशर पंप लावला की फिन्स आडव्या होतात आणि होती ती हवाही बंद होते. बाजारात मिळणारं आम्लाचं कॉइल क्लीनर ॲल्युमिनियम खातं, ते टाळा. वाकलेल्या फिन्स सरळ करायला फिन कोम्ब (खास कंगवा) मिळतो, तो शंभरदा उपयोगी पडतो. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी धुणं, एरवी महिन्याला एकदा. धुऊन चिलर चालू केल्यावर सगळे पंखे एकाच दिशेला आणि पूर्ण वेगाने फिरतात का तेही बघून घ्या. कपॅसिटर गेलेला एक मंद पंखाही दुपारी पुरेसा नडतो.

पत्र्याचं शेड काढा. सावली हवीच असेल तर शेडनेट उंचावर बांधा, पंख्याच्या वर मोकळी जागा ठेवा. कॉइलवर सरळ पाण्याचा फवारा मारायची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. त्या दिवशी काम भागतं, पण क्षार फिन्सवर बसतात आणि दोन उन्हाळ्यांत कॉइल पांढरी होते. विदर्भातल्या कोरड्या हवेत कूलरसारखे ओले पॅड कॉइलपासून हातभर लांब उभे केले तर चांगलाच फरक पडतो. त्यांना पाणी मऊ द्या आणि पावसाळा लागताच काढून ठेवा. कोकणात याचा काही उपयोग नाही. तिथली हवाच ओली.

आता हे का इतकं मनावर घ्यायचं. बहुतेक सेंटरवाले चिलरला मोठा एसी समजतात आणि पेशंट संपले की तोही विसावला तर काय बिघडलं, असं धरून चालतात. स्कॅन चालू असताना ग्रेडियंट कॉइल आणि ॲम्प्लिफायर गरम होतात हे खरं, पण चिलरचं रात्रीचं गिऱ्हाईक वेगळं आहे. मॅग्नेटची नायोबियम-टायटॅनियमची वेटोळी द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर बसलेली असतात. तो हेलियम उकळून जाऊ नये म्हणून वर कोल्डहेड, म्हणजे त्याला थंड ठेवणारं यंत्र, असतं. मॅग्नेट रूममध्ये सतत जो चक-चक आवाज येतो तो त्याचा. त्याला चालवणारा हेलियम कंप्रेसर सात-आठ किलोवॅट वीज खातो आणि त्या थंडीच्या टोकाला जेमतेम वॉट-दीड वॉट उष्णता उचलतो. बाकी सगळी उष्णता चिलरच्या पाण्यात येते, चोवीस तास, दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा. पाणी थांबलं की कंप्रेसर गरम होऊन बंद पडतो आणि कोल्डहेड थांबतं. थांबलेलं कोल्डहेड नुसतं निरुपयोगी नसतं, बाहेरची उष्णता आत नेणारी वाट होऊन बसतं. तुमचे ७ टक्के बहुधा असेच गेले आहेत. (काही लिटर हेलियमवर चालणारे नवे सीलबंद मॅग्नेट आलेत. त्यांत हेलियम उडून जात नाही, पण चिलर बंद पडल्यावर हातात वेळही कमी उरतो.)

म्हणून रात्रीचा प्रश्न दुपारच्या प्रश्नापेक्षा गंभीर आहे. ‘कधीकधी’ बंद राहतो, म्हणजे कारण शोधायला हवं. रीसेट करण्याआधी डिस्प्लेवरच्या अलार्मचा मोबाइलवर फोटो काढायची सवय सगळ्यांना लावा. रीसेट मारला की पुरावा गेला. माझा पहिला संशय फेजवर. स्क्रोल कंप्रेसर उलटा फिरला तर आवाज करतो, दाब बनवत नाही आणि लवकर खराब होतो, म्हणून फेज सिक्वेन्स रिले त्याला चालूच होऊ देत नाही. महावितरणची लाइन आणि डीजी (डिझेल जनरेटर) यांचा फेजक्रम वेगळा असेल, तर डीजीवर चिलर उठणार नाही, लाइनवर उठेल. वायरमनला फेज सिक्वेन्स मीटर घेऊन दोन्हीकडे तपासायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरा संशय ऑटो रीस्टार्टवर. कंट्रोलरमध्ये ते सेटिंग बंद असेल तर लाइट आल्यावर चिलर बटणाची वाट बघत बसतो. आणि चिलर उठला तरी हेलियम कंप्रेसर आपोआप उठतो का, हे एकदा इंजिनिअरच्या समोर लाइट पाडून बघाच. एमआरआय यूपीएसवर असतो, चिलर बहुतेक ठिकाणी नसतो. त्यामुळे कन्सोल चालू दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

रात्रपाळीच्या वॉचमनला इंजिनिअर करायची गरज नाही. पाण्याचं तापमान वाढलं किंवा हेलियम कंप्रेसर बंद पडला की तीन मोबाइलवर फोन जाईल असा सिमकार्डवाला अलार्म बसवा. हेलियमच्या एका रिफिलपुढे त्याची किंमत काहीच नाही.

आणीबाणीसाठी हेलियम कंप्रेसरला नळाच्या पाण्याचा बायपास असतो. नसेल तर बसवून घ्या. क्रम असा: आधी चिलरकडून येणारा आणि चिलरकडे जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मग नळाचा इनलेट आणि ड्रेनचा आउटलेट उघडा. उलट केलंत तर चिलरमधलं ग्लायकॉल (गोठण्यापासून वाचवणारं द्रव) मिसळलेलं पाणी गटारात जाईल किंवा नळाचं पाणी चिलरच्या टाकीत. लागणारं पाणी फार नाही, मिनिटाला सात-आठ लिटर. मेख वेगळीच आहे. या कंप्रेसरना आत येणारं पाणी साधारण २८ अंशांच्या आत लागतं, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. कागदोपत्री बायपास आहे, पण ज्या दुपारी लागेल त्याच दुपारी तो निकामी. तो जमिनीखालच्या हौदातून छोट्या पंपाने घ्या, आणि तो पंप डीजीवर टाका. मे महिन्यात हौदातलं पाणीही थर्मामीटरने मोजून ठेवा.

आता पाणी. तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्याच्या कडेला आहात, तिथल्या बोअरच्या पाण्याबद्दल मी वेगळं काय सांगू. त्यातले क्षार प्लेट हीट एक्स्चेंजरच्या (गॅस जिथे पाणी थंड करतो त्या भागाच्या) बारीक वाटांत बसतात आणि क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टाचणीएवढी भोकं पाडतं. तशी भोकं पडली की पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं, आणि मग मात्र खरोखर नवा चिलर घ्यावा लागतो. नुसतं डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणीही पुरेसं नाही. त्यात गंजरोधक नसेल तर तेही धातू खातं. मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचं औद्योगिक ग्लायकॉल, सांगितलेल्या प्रमाणात, डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात आधीच मिसळून कॅनमध्ये भरून ठेवा आणि टॉप-अप त्यानेच करा. गाडीचं हिरवं कूलंट नको, त्यातल्या सिलिकेटचा पंपाच्या सीलवर थर बसतो. दोन कंपन्यांचं ग्लायकॉलही एकत्र करू नका.

अकोल्यात पाणी गोठत नाही मग ग्लायकॉल कशाला, असं विचारणारे भेटतात. चिलरच्या आत इव्हॅपोरेटरची, म्हणजे त्याच हीट एक्स्चेंजरची, प्लेट पाण्यापेक्षा बरीच थंड असते. फ्लो (पाण्याचा प्रवाह) कमी झाला की तिथे बर्फ धरतो आणि प्लेट फुटते. साध्या पाण्याने टॉप-अप करत गेलात तर ग्लायकॉल २० टक्क्यांच्या खाली उतरतं. मग ना बर्फापासून पुरेसं संरक्षण, ना जंतूंपासून. उलट इतकं पातळ ग्लायकॉल जंतूंचं खाद्य बनतं, आणि स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) शेवाळासारख्या चिकट थराने भरतो. ग्लायकॉलचं प्रमाण मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकलेला एक थेंब ते खाली उतरलंय का हे सांगतो. दर सहा महिन्यांनी पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत, तारीख टाकून ठेवा. तांबूस झालं तर लोखंड गंजतंय, हिरवट-निळसर झालं तर तांबं (ग्लायकॉलचा मूळ रंग कोणता होता ते आधी बघा), वास आला तर जंतू. आणि मुळात पाणी कमी का झालं? बंद सर्किटमध्ये पाणी कमी व्हायचं कारण नाही. पंपाच्या मेकॅनिकल सीलखाली हात फिरवून बघा.

रोजच्या नोंदीबद्दल. बहुतेक लॉगबुकात ‘चिलर ओके’ असं लिहिलेलं असतं. त्या नोंदीचा उपयोग शून्य. चार आकडे लिहा: पाणी जातानाचं तापमान, परत येतानाचं तापमान, फ्लो आणि पंपाचा दाब. सकाळी पहिल्या पेशंटआधी एकदा, आणि दुपारी लांब डिफ्युजन सिक्वेन्स (मशीनवर जास्त भार टाकणारा स्कॅन) चालू असताना एकदा. फ्लो लिटर प्रति मिनिट, गुणिले दोन तापमानांतला फरक, गुणिले ०.०७, म्हणजे किती किलोवॅट उष्णता जातेय ते कळतं. ६० लिटर आणि ५ अंशांचा फरक असेल तर २१ किलोवॅट. ग्लायकॉल असल्याने खरा आकडा थोडा कमी. तेवढ्याच कामाला फरक ५ वरून ८ वर गेला तर फ्लो कमी झालाय: स्ट्रेनर, हवा अडकलेली, दमलेला पंप. फरक ५ च आहे पण दोन्ही तापमानं वर सरकली तर पाण्याची बाजू ठीक आहे. कॉइल, पंखे किंवा गॅसचं सर्किट बघा. तुमच्या नोंदी असत्या तर एसीवाल्याने गॅस टाकण्याआधीच हे दिसलं असतं.

सेट पॉइंट (चिलरला लावून दिलेलं पाण्याचं तापमान) खाली ओढून दुपारची सोय करू नका. कंप्रेसरवर भार वाढतो, आणि पावसाळ्यात थंड पाइपांवर दव धरतं. कोकणातल्या एका सेंटरवर ते पाणी फॉल्स सीलिंगमधून थेट इक्विपमेंट रूमच्या कॅबिनेटवर ठिबकत होतं. पाइपांचं इन्सुलेशन फाटलं असेल तर जूनआधी दुरुस्त करा.

चिलरचा मेकॅनिक पाने-पक्कड घेऊन मॅग्नेट रूमच्या दारापर्यंतही जाणार नाही, हे त्याला गच्चीवर चढण्याआधीच सांगा. चिलर बंद, कन्सोल बंद, लाइट बंद असली तरी मॅग्नेट चालूच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत एमआरआय रूममध्ये ऑक्सिजन सिलिंडर नेल्याने एकाचा जीव गेला, ते सगळ्यांना आठवत असेल.

हे सगळं करूनही दुपारी ट्रिप राहिला तर नव्या चिलरचा विचार करा. तेव्हा ‘किती टनाचा’ एवढंच विचारून थांबू नका. कॅटलॉगमधली क्षमता बहुतेक वेळा ३५ अंश हवेला दिलेली असते. तुम्हाला हवी ती ४८ अंशांची, तुमच्या पाण्याच्या तापमानाला, तुमच्या ग्लायकॉलच्या प्रमाणासह, आणि लेखी. एका मोठ्या कंप्रेसरपेक्षा दोन स्वतंत्र सर्किटचा घ्या. एक पडलं तरी हेलियम कंप्रेसरपुरतं पाणी थंड राहतं. पंपही दोन, एक स्टँडबाय. खर्च वाढतो, पण मी असतो तर इथे काटकसर केली नसती.

आणि एमआरआयचा करार काढून वाचा. चिलर त्यात धरलाय का, आणि चिलर बंद पडून गेलेला हेलियम कोण भरून देणार? अनेक करारांत चिलर ग्राहकाचा आणि त्यामुळे गेलेला हेलियमही ग्राहकाचाच असतो. ७१ टक्क्यांचा आकडा आजच्या तारखेने एमआरआय कंपनीला ईमेलने कळवून ठेवा, आणि पाणी नीट झाल्यावरही पातळी उतरत राहिली तर कोल्डहेड तपासायची मागणी त्याच ईमेलखाली करा.