८२ हर्ट्झचा तो उंचवटा स्टॉल नाही, नळी आहे

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांचा गोंधळ होणार नाही. जळगावच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ५०० मिमी व्यासाचा अ‍ॅक्शियल फॅन आहे. रोटरला ११ ब्लेड, मागे १३ स्टेटर (न फिरणारी पाती), मोटर ड्राइव्हवर (वेग बदलणाऱ्या विद्युत यंत्रावर), वेग २८८० आरपीएम. केसिंगला भोक पाडून १ मीटर सिलिकॉन नळी लावली, तिच्या टोकाला सर्किट बोर्डवर बसणारा स्वस्त सिलिकॉन प्रेशर सेन्सर, आणि मायक्रोकंट्रोलरवर सेकंदाला १००० नमुने. स्पेक्ट्रममध्ये ८२ हर्ट्झच्या आसपास रुंद उंचवटा, ५६ हर्ट्झला सुईसारखं टोक आणि ५० ला लहानसं काहीतरी दिसतं. थ्रॉटल आवळला, म्हणजे हवेची वाट अरुंद केली, की ८२ चा उंचवटा वाढतो. हा रोटेटिंग स्टॉल (ब्लेडवरून सुटलेल्या प्रवाहाचा गोल फिरणारा पट्टा) समजायचा का?

नाही समजायचा, भाऊ. या तिन्हींत मशीनबद्दल खरं सांगणारं फक्त ५६ चं टोक आहे, आणि तेही खोट्या नावाने आलंय.

आधी ८२ घेऊ. एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला सेन्सरने बंद अशी नळी बासरीसारखी वाजते. तिची पहिली वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीच्या चौपट. ३५ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ३५२ मीटर प्रति सेकंद धरा, तर १ मीटर नळीचे ८८ हर्ट्झ. सेन्सरच्या पोटातली पोकळी ते आणखी खाली ओढते. ४ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत साधारण साडेबारा घनसेंटिमीटर हवा मावते. पोकळी १ घनसेंटिमीटरची असली तरी ८८ चे ८२ होतात. कडक नळीत या जागी दाब सहा-सात पट फुगून दिसू शकतो. सिलिकॉनची भिंत लवचीक असल्याने फुगवटा कमी होतो, पण जात नाही. थ्रॉटल आवळल्यावर प्रवाह खवळतो, सगळ्याच वारंवारतांत ऊर्जा वाढते आणि नळी आपल्या आवडीची तेवढी उचलून दाखवते. म्हणून उंचवटा वाढतो, आणि म्हणूनच तो स्टॉलसारखा भासतो.

पडताळा सोपा आहे. वेग २८८० वरून २४०० वर आणा. उंचवटा जागचा हलला नाही तर त्याचा रोटरशी संबंध नाही. मग नळी कापून अर्धा मीटर करा. तो १५० च्या आसपास गेला तर नळीच दोषी. नळी कापूनही जागेवरच राहिला तर डक्टकडे (पंख्याला जोडलेल्या मोठ्या हवानळीकडे) बघा. दोन्ही टोकं उघडी असलेला २ मीटरचा डक्टही पहिला सूर ८८ च्या किंचित खालीच देतो, त्यामुळे इथे फसायला दोन-दोन जागा आहेत. नळी आणि वेग एकाच वेळी बदलू नका, नाहीतर काहीच सिद्ध होणार नाही.

आता ५६. शाफ्ट सेकंदाला ४८ फेरे घेतो. ११ ब्लेड, म्हणजे ब्लेड पासिंग (एका जागेवरून सेकंदाला जाणाऱ्या ब्लेडची संख्या) ५२८ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट १०५६. १००० नमुन्यांत त्यांच्या निम्म्याच्या, म्हणजे ५०० च्या वरचं काहीच खऱ्या जागी दिसू शकत नाही, ते दुमडून खाली खोट्या जागी येतं, यालाच घडी पडणं (अलायझिंग) म्हणतात. ५२८ घडी पडून ४७२ वर येतं, १०५६ घडी पडून ५६ वर. तुमचा सेन्सर १ मिलिसेकंद प्रतिसादाचा आहे, म्हणजे साधारण ३५० हर्ट्झपर्यंतच भरवशाचा. तरी १०५६ चा तिसरा हिस्सा त्यातून निसटतो आणि टोक उमटायला तेवढा पुरतो. ड्राइव्हवरून वेग फक्त १ टक्का वाढवा. शाफ्ट अर्ध्या हर्ट्झनेही सरकणार नाही, पण ५६ चं टोक ६६.६ वर उडी मारेल. वेगातला फरक ०.४८, टोकाची उडी १०.६, भागाकार २२, म्हणजे ११ ब्लेडची दुप्पट. ४७२ चं टोक मात्र उलटं खाली येईल, ४६६.७ वर. वेग वाढवला आणि टोक खाली आलं, तर समजा घडी पडली आहे.

घडी पडलेला डेटा नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही गाळला तरी सुधारत नाही. फिल्टर ॲनालॉग हवा आणि एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी हवा. या पंख्याला ब्लेड पासिंगचे पहिले पाच-सहा गुणक पुरेत, म्हणजे ३ हजार हर्ट्झच्या थोडं वर. ४ किलोहर्ट्झचा चौथ्या दर्जाचा बटरवर्थ फिल्टर आणि २० हजार नमुने घ्या. जे घडी पडून ४ किलोहर्ट्झच्या आत येऊ शकतं ते १६ किलोहर्ट्झच्या वरचं, आणि तिथे हा फिल्टर २५६ पट दाबतो. नुसता एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून भागत नाही. त्याच जागी तो फक्त चार पट दाबतो, आणि ड्राइव्हचा कॅरियर (मोटरची वीज चालू-बंद करण्याची वारंवारता) काही किलोहर्ट्झवर सतत खणखणत असतो.

५० हर्ट्झ म्हणजे घरचीच वीज. पण ४८ आणि ५० इतके शेजारी आहेत की १ सेकंदाच्या नोंदीत हॅनिंग विंडो (नोंदीच्या दोन्ही कडा मऊ करणारं गणित) लावली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. किमान १० सेकंदांची नोंद घ्या.

सेन्सर कोणता, यावर लोक खर्च चुकीच्या जागी करतात. तुमच्या पंख्याचा टोकाचा वेग ७५ मीटर प्रति सेकंद. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या हवेची घनता १.०९ धरली तर गतिज दाब साधारण ३१०० पास्कल येतो. ब्लेड जाताना केसिंगवर होणारा चढउतार याच्या काही हिश्शाइतका, म्हणजे शेकडो पास्कलांत. अशा कामाला ७ बारचा सेन्सर आणला, १०० मिलिव्होल्ट पूर्ण आउटपुटचा, तर ५०० पास्कलला ०.०७ मिलिव्होल्ट मिळतात, ते गोंगाटात बुडणार. ०.३५ बारचा पिझोरेझिस्टिव्ह (दाबाने रोध बदलणारा) सेन्सर त्याच ५०० पास्कलला १.४ मिलिव्होल्ट देतो. १०० पटीचा इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर सेन्सरच्या जवळच लावला की काम झालं. साधा इलेक्ट्रेट माइक लावायचा मोह होतो, पण ५०० पास्कल म्हणजे १४८ डेसिबल, तो केव्हाच क्लिप होतो. पाव इंची मेजरमेंट माइक चालतो, मात्र तो स्थिर दाब दाखवत नाही.

लघुव्यासाचे पिझोरेझिस्टिव्ह सेन्सर १.६ मिमीपर्यंत मिळतात आणि केसिंगच्या आतल्या पृष्ठभागाशी सपाट बसवता येतात. सपाट जमत नसेल तर खोलगट बसवा, पण हिशोब करून. १० मिमी खोल भोकाची स्वतःची वारंवारता ८.८ किलोहर्ट्झ. तिच्या पाचव्या हिश्शापर्यंत चूक ५ टक्के, तिसऱ्या हिश्शाला १५ टक्के. तुमच्या ३ किलोहर्ट्झला १० मिमी म्हणजे त्या १५ टक्क्यांच्या काठावर, ५ मिमी ठेवा. सेन्सरसमोर पोकळी राहू देऊ नका. अरुंद भोक आणि मागे रुंद खोली असली की ती बाटलीसारखी घुमते आणि वारंवारता बरीच खाली येते.

भोक आतून बाहेर पाडा, कडा चेम्फर करू नका आणि बोट फिरवून बर (धातूची खरखरीत कड) शिल्लक नाही याची खात्री करा. सेन्सर धातूत घट्ट ठोकू नका. नायलॉनची बाही करून ती आरटीव्ही सिलिकॉनने (साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या रबरी चिकट पदार्थाने) चिकटवा. आवळलेला सेन्सर केसिंगचा ताणही दाब म्हणून दाखवतो. आरटीव्ही डायफ्रामवर गेलं तर सेन्सर गेलाच समजा. जाळीवाला सेन्सर असेल तर जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारा कापसाचा तंतू जाळीत अडकतो. तो हळूहळू अडकतो, त्यामुळे सिग्नल एकदम जात नाही, नुसता मंदावत जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. इनलेटला बारीक जाळी लावा आणि आठवड्याला सेन्सर भिंगाखाली बघा.

डिफरेन्शियल सेन्सरची मागची, रेफरन्सची बाजू बहुतेक जण विसरतात. ती नळी दुमडली किंवा टेपखाली गेली की आत कोंडलेली हवा थर्मामीटर बनते. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी ९ ते दुपारी १ मध्ये १० अंशांचा फरक सहज पडतो. १० अंशांना कोंडलेल्या हवेचा दाब ३.२ किलोपास्कलने चढतो, म्हणजे तुमच्या पंख्याच्या सगळ्या गतिज दाबाइतका. रेफरन्स उघडी ठेवा किंवा लांब बारीक नळीने छोट्या डब्यात सोडा आणि त्या डब्याला सुईइतकं भोक ठेवा. प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर पंखा थांबवून शून्य नोंदवा. ३०० मिमी पाण्याच्या, यू आकाराच्या नळीने (२.९४ किलोपास्कल) रोज एकदा संवेदनशीलता तपासा.

सेन्सर केसिंगवर बसतच नसेल, किंवा मशीन तापतं असेल, जसे दीपनगरसारख्या वीजकेंद्रातले बॉयलरचे आयडी फॅन (धूर ओढून काढणारे पंखे), तर अनंत नळीची युक्ती वापरतात. केसिंगपासून नळी निघते, सेन्सर तिच्या कुशीत टी (इंग्रजी T आकाराचा जोड) करून बसतो, आणि तीच नळी त्याच व्यासात पुढे बरीच लांब जाते. लाट सेन्सरवरून पुढे जाते आणि विरते, परत येत नाही, म्हणून नळी वाजत नाही. मशीन तापत नसेल तर यासाठी आपल्याकडे ठिबकची मायक्रोट्यूब उत्तम. कोणत्याही कृषी केंद्रात गुंडाळी मिळते, सिलिकॉनपेक्षा कडक असते आणि स्वस्त. आतून ४ मिमी आहे का ते ड्रिल बिट घालून बघून घ्या. २० मीटरची गुंडाळी पुढे ठेवली तर ५० हर्ट्झलाही परतणारी लाट दीड टक्क्याच्या आसपास उरते. टीच्या जागी व्यास बदलू देऊ नका, तिथूनच परावर्तन होतं. सेन्सर भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर ५२८ हर्ट्झला उंची ३-४ टक्केच घटते, पण फेज (लाटेचं वेळेतलं स्थान) ५४ अंश मागे पडते. म्हणून सगळ्या सेन्सरना हे अंतर तंतोतंत सारखं ठेवा. साध्या बंद नळीचा प्रतिसाद गणिताने काढायचा असेल तर बर्ग आणि टिडेमन यांनी १९६५ साली दिलेली पद्धत अजूनही तीच वापरतात. हातचा उपाय हवा असेल तर छोट्या डब्यात सपाट बसवलेला एक सेन्सर आणि नळीवाला एक सेन्सर शेजारी ठेवा आणि आत फुगा फोडा. पहिला एकदम उडी दाखवेल, दुसरा झोके घेईल, ते झोके मोजा.

विजेचा गोंगाट ओळखायला दोन चाचण्या. एक, रोटर थांबलेला, ड्राइव्ह चालू: जे दिसेल ते तारेतून आलेलं. दोन, रोटर पूर्ण वेगात, पण सेन्सर डमी प्लगमध्ये, हवा लागत नाही असा बसवलेला: जे दिसेल ते कंपन किंवा तार. या दोन नोंदी नसतील तर पुढच्या कुठल्याही स्पेक्ट्रमवर विश्वास ठेवू नका. शील्डेड पिळाची तार, शील्ड एकाच टोकाला अर्थ, मोटरच्या केबलपासून वेगळा मार्ग, सेन्सरला बॅटरीचा पुरवठा. आणि अर्थिंगचा खड्डा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध चढतो. खड्ड्यात पाणी घातल्यावर ५० हर्ट्झ खाली आलं तर कारण तेच.

आता खरा स्टॉल कसा पकडायचा. एमन्स आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये मांडलेलं कारण असं: एका ब्लेडवरचा प्रवाह सुटला की अडलेली हवा शेजाऱ्यांकडे वळते, एका बाजूच्या ब्लेडचा आपात कोन (हवा ब्लेडला भिडण्याचा कोन) वाढतो, दुसऱ्या बाजूचा कमी होतो. म्हणून सुटलेला पट्टा रोटरच्या मानाने मागे सरकतो आणि केसिंगवरून पाहता रोटरच्याच दिशेने पण हळू फिरतो, ढोबळमानाने शाफ्टच्या २० ते ७० टक्के वेगाने. एका सेन्सरने हे सिद्ध होत नाही. ब्लेडच्या पुढच्या कडेच्या थोडं आधी, परिघावर ०, ४० आणि १५० अंशांवर तीन सेन्सर बसवा. समान अंतर मुद्दाम टाळा. ९० अंशांवर दोनच सेन्सर असतील तर १ पट्टा आणि ५ पट्टे सारखीच फेज देतात. समजा ४६ हर्ट्झला टोक आलं आणि ४० अंशांच्या जोडीत फेज ८० अंश, तर पट्टे २, प्रत्येकाचा वेग २३ फेरे, शाफ्टच्या ४८ टक्के. तिसऱ्या सेन्सरवर ३०० अंश आले तर उत्तर पक्कं. इथेही ४६, ४८ आणि ५० शेजारी-शेजारी आहेत, १० सेकंदांची नोंद का सांगितली ते आता कळेल.

चॅनेल एकाच वेळी नमुना घेणारे हवेत. एकामागून एक घेणाऱ्या एडीसीत दर चॅनेलला १० मायक्रोसेकंद उशीर असेल तर ५२८ हर्ट्झला दर चॅनेल १.९ अंशांची चूक. स्टॉलला ती नगण्य, ब्लेड पासिंगच्या वरच्या गुणकांना नाही.

ब्लेडचा आकृतिबंध बघायचा असेल तर शाफ्टवर एक खूण आणि ऑप्टिकल पिकअप लावून प्रत्येक फेऱ्याची सरासरी काढा. २०० फेरे म्हणजे ४.२ सेकंद, यादृच्छिक गोंगाट १४ पट खाली येतो. मात्र ही सरासरी रोटरला बांधलेलं सोडून सगळं पुसते, स्टॉलसुद्धा. म्हणून सरासरी वजा केल्यावर उरलेल्याचा आरएमएस (चढउताराची सरासरी ताकद) वेगळा काढून ठेवा. आणि रोटर-स्टेटरच्या फटीत सेन्सर असेल तर एका जागेच्या ब्लेड पासिंगच्या उंचीला फार अर्थ देऊ नका. ११ ब्लेड आणि १३ स्टेटर मिळून, पंख्याच्या आवाजावर काम करणाऱ्या टायलर आणि सोफ्रिन यांच्या १९६२ च्या हिशोबाने, उलट दिशेने फिरणारा २ पाकळ्यांचा नमुना तयार होतो. तुमच्या डक्टमध्ये तो लांब जात नाही, विरतो, पण फटीत असतोच आणि सेन्सर स्टेटरच्या तुलनेत कुठे आहे त्यावर उंची बदलते.

सध्या पैसे नसतील तर सेन्सर बदलण्याआधी नळी ५ सेंटिमीटर करा आणि नमुने ५ हजारांवर न्या, मायक्रोकंट्रोलरला ते जमतं. नळीचा सूर, सेन्सरची १ घनसेंटिमीटर पोकळी धरून, ८०० हर्ट्झच्या आसपास जाईल आणि ५२८ आपल्या जागी दिसेल. त्याची उंची खरी मानू नका, सेन्सर अजून मंदच आहे. पण थ्रॉटल आवळताना ३४ हर्ट्झच्या खाली काही उगवतं का, ते याच सेटअपवर बघता येईल. एका पट्ट्याचा स्टॉल असेल तर तो तिथेच दिसेल.