पर्फमध्ये (लिनक्सवर प्रोग्रामचा वेळ कुठं जातो ते दाखवणारं साधन) कर्नलचा स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शननं कुणाला बोलावलं ती साखळी, पूर्ण दिसतो, पण माझ्या प्रोग्रामचा दोन ओळींत तुटून ‘अननोन’ येतं. असं का?

कर्नलचा भाग नीट दिसतो म्हणता, म्हणजे पर्फ धडधाकट आहे. कर्नलजवळ ४.१४ पासून (२०१७) ही साखळी उलगडायला स्वतःचे ऑर्क नावाचे तक्ते आहेत. तुमच्या प्रोग्रामसाठी मात्र नुसतं ‘-जी’ (साखळी नोंदवायचा पर्याय) दिलं की पर्फ फ्रेम पॉइंटरच्या मागं जातो: प्रोसेसरमधलं आरबीपी रजिस्टर, तिथून आधीची फ्रेम (फंक्शनची स्टॅकवरची जागा), तिथून त्याच्याही आधीची. कंपायलरनं आरबीपी दुसऱ्याच कामाला जुंपला असेल तर पर्फ भलत्याच घरात शिरतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या धरमकाट्यासाठी मी सी-मध्ये प्रोग्राम लिहून दिला होता. ऐन हंगामात संध्याकाळचा हिशोब काढायला तो पाच-पाच मिनिटं घ्यायचा, नि दिवाणजी माझ्या नावानं बोंबलायचे. पर्फ लावला. वर लिब-सीतलं (सी-ची मूळ लायब्ररी), स्ट्रिंगचा शेवट शोधणारं फंक्शन; खाली अननोन; संपलं. मी तर ते फंक्शन कुठंच बोलावलं नव्हतं! मग अननोनसमोरचा आकडा निरखून पाहिला. हेक्समध्ये सगळे बाइट ३० ते ३९ मधले, म्हणजे आस्कीतले अंक. उलटीकडून वाचले तर चक्क कापसाचं वजन निघालं. लिब-सीनं आरबीपीत माझ्याच मजकुराचा पत्ता ठेवला होता, आणि पर्फ त्या मजकुराला स्टॅक समजून बसला होता.

मग ‘पर्फ रेकॉर्ड -एफ ९९ --कॉल-ग्राफ ड्वार्फ’ चालवलं. यात दर सॅम्पलला (टिपलेल्या नमुन्याला) स्टॅकचे ८१९२ बाइट उचलले जातात नि साखळी मागाहून ड्वार्फ, म्हणजे कंपायलरनं लिहून ठेवलेल्या डीबग माहितीवरून, जुळवली जाते. माझं फंक्शन दिसलं, पण त्याला बोलावतं कोण ते नाही, कारण त्यात मी ३२ केबीचा लोकल ॲरे ठेवला होता (शहाणपणाच). ‘ड्वार्फ,६५५२८’ केल्यावर सगळं दिसलं. फाइल मात्र बेसुमार फुगते, दहा-वीस सेकंदांच्या वर चालवू नका. दोषी निघाला एसस्कॅनएफ (मजकुरातून आकडे वाचून काढणारं लिब-सीचं फंक्शन): दर ओळीला तो उरलेल्या अख्ख्या मजकुराची लांबी मोजत होता.

स्वतःचा कोड ‘-एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर’नं कंपाइल करा, पण त्यानं लिब-सी बदलत नाही. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ पासून तिथली पॅकेजेसच फ्रेम पॉइंटरसह बांधलेली येतात. जुनं काही वापरत असाल तर आधी ते बदलून पाहा.

तुमच्या अननोनसमोरचा आकडा इथं टाका. तो प्रोसेसच्या मॅप्समधल्या (मेमरीत काय कुठं आहे त्याची यादी) एखाद्या लायब्ररीच्या हद्दीत बसत असेल तर बहुधा साखळी शाबूत आहे, नुसते सिंबॉल (फंक्शनांची नावं) नाहीत. तसं असेल तर ड्वार्फच्या भानगडीत पडूच नका, डीबग सिंबॉलचं पॅकेज टाका.