दिवाळीत सोसायटीच्या गेटजवळ फटाक्यांचं टेबल टाकायला लायसन्स लागतं का? उरलेला माल घरी ठेवला तर चालेल का?

लागतं. गेट सोसायटीचं असो नाहीतर सासऱ्यांचं, विक्री आली की लायसन्स आलंच. 'चार फुलबाज्या विकायला कसली परवानगी?' हे मी माझ्या मेव्हण्याकडून इतकी वर्षं ऐकतोय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलंच नाही.

त्याची लालबागला चाळीत खोली. दिवाळीआधी घाऊक माल उचलायचा, पोटमाळ्यावर रचायचा आणि संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी टेबल मांडायचं. एका वर्षी ऐन फराळाच्या दिवसांत गेलो, तर खाली वहिनी चकल्या तळतायत, बाजूला सिलिंडर आणि बरोबर डोक्यावर सुतळी बॉम्बची खोकी. एकाचा तळ उसवलेला. फळीच्या फटीतून करडी पूड ओट्याच्या कडेवर पडत होती. वहिनी ती फडक्याने पुसायच्या आणि पुन्हा झारा हातात घ्यायच्या. मी म्हटलं, आजच्या आज हे हलव. तर म्हणतो, "भावोजी, तुम्ही फार घाबरता बुवा."

तसाच उठलो आणि पोलीस चौकी गाठली. माल जप्त झाला. सासरचे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नका बोलू.

त्याचं पालुपद एकच: कायदा इंग्रजांचा, पैसे खायला ठेवलाय. स्फोटकांचा कायदा 1884चा आहे, खरंय. पण आज चालतात ते नियम 2008चे. आणि 1944 साली आपल्याच मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीवर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरला होता, तेव्हा केवढा स्फोट झाला हे लालबागच्या माणसाला मी सांगायचं?

तर तुमचं गेट. सणापुरत्या दुकानाला शेड न जळणाऱ्या सामानाची लागते, दोन शेडमध्ये किमान 3 मीटर जागा, तोंडं समोरासमोर नकोत आणि राहत्या इमारतींपासून 50 मीटर अंतर. आता गेटपासून तुमचीच बिल्डिंग किती लांब आहे, टेप लावून बघा. म्हणूनच हे स्टॉल मैदानात असतात. मुंबईत तात्पुरतं लायसन्स पोलीस आयुक्तालयाकडून मिळतं, फायर ब्रिगेडची एनओसी वेगळी. विनापरवाना माल बाळगला किंवा विकला तर त्याच 1884च्या कायद्याच्या कलम 9ब खाली 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 3,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ आहे म्हणून हसू नका, मेव्हणाही हसला होता.

उरलेला विक्रीचा माल घरी? अजिबात नाही. पोरांसाठी आणलेली पिशवी वेगळी गोष्ट, त्यावरून कोणी दार ठोठावत नाही.

मी वकील नाही. कायमचं दुकान किंवा कारखाना काढायचा असेल तर प्रकरण 'पेसो'च्या, म्हणजे स्फोटकांचं बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, अखत्यारीत जाऊ शकतं, तिथे माझं ऐकू नका.

मेव्हण्याने यंदा कंदिलांचा स्टॉल टाकलाय. 'याला तर लायसन्स लागत नाही ना?' असं त्याच्या बहिणीकरवी, म्हणजे माझ्या बायकोकरवी, मुद्दाम विचारलंय. फुटपाथवर टाकलायस बाबा, पालिकेची परवानगी घे.