दीड, अडीच, औट आणि पंचम

प्रश्न असा आहे: "आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले काका म्हणतात, 'पोट्टेहो, पंचम म्हंजे दीड.' पंचम तर पाचवा सूर, मग दीड कसा? आणि 'साडेएक' म्हटलं की ते रागावतात, ते का?"

रागावतात ते बरोबरच आहे. शाळेपासून बियाण्यांच्या दुकानापर्यंत 'साडेदोन एकर', 'साडेएक किलो' ऐकून माझंही डोकं उठतं. 'साडे' तीनपासून पुढे. त्याच्या आधी दीड आणि अडीच बसलेले आहेत, त्यांना उठवायचं कारण नाही.

पाचवा हा क्रम, दीड ही सा च्या कंपनांची पट. एवढं समजलं की तो प्रश्न मिटतो. खरी गंमत 'दीड'मध्ये आहे. संस्कृत द्व्यर्ध, पाली दियड्ढ, प्राकृत दिवड्ढ, मराठी दीड. याचा अर्थ 'दोन अर्धे' असा लावणारे विद्वान भेटतात. अहो, दोन अर्धे मिळून एकच होतो! अर्थ आहे 'दुसरा अर्धा': पहिला पुरा, दुसरा निम्मा. तसाच अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा, तो अडीच. आणि अर्धचतुर्थ झाला औट, म्हणजे साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणतो, ते हेच. औट बोलण्यातून गेला आणि त्याच्या गादीवर सार्धातला 'साडे' येऊन बसला. आता तो खालच्या दोघांनाही ढकलू पाहतोय. विदर्भात हिंदीचा शेजार, म्हणून 'दीड हा डेढवरून आला' असंही छातीठोक सांगतात. चूक. ती भावंडं आहेत, बापलेक नव्हेत.

आता फळीवर दोन खिळे ठोकून सतारीची तार ताणा, वाजणारा भाग बरोबर 60 सेंटीमीटर. तो सा. तारेखाली पेन्सिल सरकवत न्या. 40 उरले की पंचम, कारण 60 हे 40 च्या दीडपट आणि कंपनंही दीडपट. 48 वर शुद्ध गांधार, म्हणजे ग, सव्वापट. 30 वर वरचा सा, दुप्पट. बाजारहाटातले सव्वा, दीड, दुप्पट तारेवर जसेच्या तसे सापडतात! माझं तर ठाम मत आहे की पावकी-दिडकी, म्हणजे पाव-दीडचे पाढे, पाठ असलेल्या पोराला स्वरांचं गणित वेगळं शिकवावंच लागत नाही. मध्यम, म्हणजे म, तेवढा अडतो: तो 45 वर, म्हणजे चार-तृतीयांश, आणि त्याला सव्वा-दीडसारखा सुटसुटीत शब्द आपल्याकडे नाही.

काकांच्या पेटीत मात्र हे अपूर्णांक तंतोतंत नसतात. पंचमाचा पंचम अशी दीडपट बारा वेळा करत गेलं तर पुन्हा सा वर यायला हवं, पण येतं 129.75 च्या आसपास, आणि दुप्पट सात वेळा करून मिळणारा सा असतो 128 वर. दोन्ही टोकं जुळत नाहीत. म्हणून पेटीत सप्तकाचे, म्हणजे सा पासून वरच्या सा पर्यंतचे, बारा सारखे टप्पे पाडतात. त्यात पंचम दीडला जवळजवळ चिकटून राहतो, 1.498, गांधार मात्र सव्वाऐवजी 1.26, कानाला कळेल इतका चढा. तंबोऱ्यावर गळा तयार झालेल्या गायकाला पेटीचा गांधार टोचतो तो यामुळे.

तबल्यातही हेच शब्द. दीडपट लय म्हणजे आड. कुआड म्हणजे सव्वापट. काही जण तिला सव्वादोनपट म्हणतात, दीडची दीडपट म्हणून. हिशोब चोख आहे, पण मला पटत नाही. आणि पावणेदोनपट लय म्हणजे बिआड. तिला 'साडेएक आणि पाव' म्हणून पाहा, काका टाळ खाली ठेवतील.