वानखेडेवर पहिलीच मॅच? तिकिटाचं एवढं बघ

अरे भावा, कागदी की मोबाइलवरचं हे बऱ्याचदा आपल्या हातात नसतंच. 2023 च्या वर्ल्ड कपला बोर्डाने ई-तिकीट ठेवलंच नव्हतं, ऑनलाइन पैसे भरूनही कागदी तिकीट घ्यावंच लागायचं. म्हणून बुक करतानाच बघ, तिकीट कसं मिळणार ते.

मोबाइलवरचं असेल तर:
- चर्चगेटला उतरायच्या आधीच उघडून ठेव, गेटवरच्या गर्दीत नेटवर्क मेलेलं असतं.
- फोन फुल चार्ज. पॉवर बँक बहुतेक आत सोडत नाहीत, माझी एकदा पानवाल्याकडे ठेवावी लागली, वर त्याने 50 रुपये घेतले.
- स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस, काही अ‍ॅपमधला कोड बदलत राहतो.

कागदी असेल तर कोडवर घडी नको आणि पँटच्या खिशात तर नकोच, मे महिन्यातल्या घामाने माझ्या तिकिटाचा पार लगदा झाला होता.

आणि नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे तिकीट आलं की फोटो स्टेटसला, बारकोड दिसला की कोणीतरी तोच दाखवून तुझ्याआधी आत. टाकायचाच तर कोडवर अंगठा ठेव. ब्लॅकवाल्याने पाठवलेली पीडीएफ अजिबात घेऊ नकोस, तीच अजून चौघांना विकलेली असू शकते. कुठला स्टँड चांगला ते नंतर बोलू.