विक्रीपूर्वी घरात काय करावे?

गंगापूर रोडवरील आपला फ्लॅट विकण्याआधी फॉल्स सीलिंग आणि नवे फर्निचर करून घेण्याचा आपला विचार आहे, असे कळले. तो खर्च थांबवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्यातील आवड आपली असते आणि येणारे ग्राहक तिचे पैसे क्वचितच मोजतात.

पहिले लक्ष ओलीकडे द्यावे. नाशिकचा पावसाळा सरल्यावर पश्चिमेकडील भिंतीला, विशेषतः खिडकीच्या चौकटीखाली, हात लावून पाहावा. पापुद्रा सुटून पांढरी भुकटी बोटांना लागली, तर बाहेरील भेगा आणि चौकटीचे सांधे बुजवून, सुटलेला रंग खरवडून, भिंत पूर्ण वाळल्यावरच पुट्टी, प्रायमर आणि रंग या क्रमाने काम करावे. माझे जुने घर विकताना मी रंगाऱ्याच्या घाईला मान दिला आणि महिन्याभरात हॉलच्या भिंतीला पोपडे आले. घर पाहायला आलेल्या काकूंनी त्यांवरून हळूच बोट फिरवले आणि पुढे किमतीची गोष्टच काढली नाही, याची खंत मला आजही आहे.

रंग फिकट असावा. नळांवरील क्षारांचे पांढरे थर लिंबाने घासून काढावेत, गळक्या नळांचे वॉशर बदलावेत, ट्रॉलीचे सैल बिजागर घट्ट करावेत. देवघरामागील भिंतीवर वर्षानुवर्षांची काजळी साचलेली असते. रोजच्या सवयीमुळे ती आपल्याला दिसत नाही, परंतु नवख्या माणसाची नजर प्रथम तिथेच जाते, म्हणून तेवढा भाग आधी धुऊन मगच रंगवावा.