४०-५० हजारांत जुनं मेकॅनिकल क्रोनोग्राफ घ्यायचंय. कोणतं घ्यावं आणि फसवणूक कशी टाळावी?

तुम्ही लिहिलंय की हे पहिलंच जुनं घड्याळ आहे, स्विस असलं तर उत्तम, आणि रोज हातात घालायचंय. माझ्याकडे आज चार चालू आणि दोन बंद क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचवाली घड्याळं, आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

घड्याळ शोधण्याआधी ते उघडणारा माणूस शोधा. चावीचं साधं घड्याळ कोपऱ्यावरचे काकाही साफ करून देतात. क्रोनोग्राफमध्ये मात्र त्याच मशीनच्या डोक्यावर स्टॉपवॉचचं दुसरं मशीन बसवलेलं असतं. मी पहिलं घड्याळ घेऊन तीन दुकानं हिंडलो. दोघांनी मागचं झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि काही न बोलता झाकण लावून परत दिलं. तिसऱ्यांनी ठेवून घेतलं. दोन महिन्यांनी मिळालं तेव्हा स्टॉपवॉचचा काटा ढिम्म. विचारलं तर म्हणाले, "वेळ तर बरोबर दाखवतंय ना, साहेब?"

म्हणून कारागिराला थेट विचारा, कुठली मशीन हातात घेता? डायलवरचं नाव नंतर. त्या काळात शेकडो छोट्या स्विस कंपन्या व्हॅल्जू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया अशा मोजक्या कारखान्यांकडून मशीन विकत घेऊन त्यावर आपलं नाव छापत. मोठेही त्याला अपवाद नव्हते. हाताने चावी द्यायच्या जुन्या रोलेक्स डेटोनात मूळ मशीन व्हॅल्जू ७२ होतं आणि १९६३ च्या होयर कॅरेरातही तेच. ती घड्याळं तुमच्या-माझ्या बजेटमध्ये येत नाहीत, तो विषय सोडा. स्विसच हवं असेल तर व्हॅल्जू ७७३३, किंवा तारखेसह ७७३४ असलेलं एखादं अनोळखी नावाचं घड्याळ बघा. पुढे सोव्हिएत लोकांनी ७७३४ वरूनच आपलं पोल्योत ३१३३ बनवलं, तेही वाईट नाही.

पण मला विचाराल तर पहिलं घड्याळ सायको ६१३९ घ्या. स्विस हट्ट थोडा बाजूला ठेवा. १९६९ साली ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणारा, क्रोनोग्राफ पहिला कोण आणतो याची शर्यत लागली होती. झेनिथने जानेवारीत एल प्रिमेरो जाहीर केलं, होयर-ब्राइटलिंग मंडळींनी मार्चमध्ये क्रोनोमॅटिक, आणि सायकोचं ६१३९ मे महिन्यात जपानमध्ये दुकानात होतं. पहिला कोण यावर अजून भांडणं चालतात. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर ८४ दिवस राहिलेले अंतराळवीर विल्यम पोग यांच्या हातात हेच पिवळ्या डायलचं सायको होतं, आणि तेही नासाची रीतसर परवानगी न घेता. त्या पिवळ्या डायलमुळेच नकली डायलही भरपूर निघाली आहेत, म्हणून पहिल्यांदा निळं किंवा करड्या डायलचं बघा.

माझं ६१३९ मामांनी दुबईहून आणलेलं. मामा शपथेवर सांगत की ते त्यांनी ७४ साली घेतलं. मागच्या झाकणावरचा नंबर ६४ ने सुरू होतो. सायकोच्या नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिना, म्हणजे एप्रिल १९७६. मामांना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

या मशीनच्या दोन खोडी माहीत असू द्या. चावी फिरवून ते भरत नाही, हातात घालून हलवावंच लागतं. चावी आत दाबली की तारीख सरकते, पूर्ण दाबली की वार. आणि त्यात वेगळा सेकंद काटा नाही, त्यामुळे स्टॉपवॉच बंद असताना घड्याळ मेल्यासारखं दिसतं. मी ते कायम चालूच ठेवतो, याच्या व्हर्टिकल क्लचला (स्टॉपवॉच मुख्य मशीनला जोडणारा भाग) ते चालतं. जुन्या चावीच्या क्रोनोग्राफला हा लाड करू नका.

खोडी माहीत नसल्याचा फटका मला एकदा बसलाय. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी सोनेरी, दोन छोट्या डायलचं एक घड्याळ हातात आलं. वरचं बटण दाबलं, काटा निघाला. पुन्हा तेच दाबलं, थांबेना. "बटण खराब आहे" म्हणून मी ऐटीत परत ठेवलं. घरी येऊन वाचलं तर लँडेरॉन ४८ तसंच चालतं! वरचं बटण फक्त सुरू करतं, खालचं आधी थांबवतं आणि मग शून्यावर आणतं. बुधवारी पुन्हा गेलो तेव्हा ते गेलेलं होतं.

आता फसवणूक. आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रंगवलेलं डायल. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला "मुंबई स्पेशल" म्हणतात, आपल्या शहराचं नाव असं गाजलंय. एचएमटी, फाव्र-लुबा, सायको, काहीही असो, जुनं डायल घासून, नवा भडक रंग मारून, वर अक्षरं छापतात. क्रोनोग्राफमध्ये हे पकडायला एक सोपी जागा आहे. अनेक घड्याळांच्या छोट्या डायलमध्ये सीडीसारख्या बारीक गोल रेघा असतात आणि प्रकाशात त्यांची चमक फिरते. रंगाचा थर बसला की त्या बुजतात. दहापट भिंग घ्या आणि तिथे बघा. अक्षरांच्या कडा फुगलेल्या, पसरलेल्या दिसल्या तर विषय संपला. डायलवर खाली "टी स्विस मेड टी" असेल तर अंधारात चमकणारा रंग ट्रिशियमचा. त्याचा जोर साधारण १२ वर्षांत निम्मा होतो. साठच्या दशकातलं घड्याळ आज हिरवंगार उजळत असेल तर तो रंग नंतर कुणीतरी भरलाय.

मशीन तपासायला फार ज्ञान लागत नाही. स्टॉपवॉच सुरू करा, पूर्ण मिनिट थांबा आणि मिनिटाचा छोटा काटा पुढे सरकतो का बघा. मग थांबवा, शून्यावर आणा. आत पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा एक तुकडा असतो. बटण दाबलं की हातोडी त्यावर आपटते आणि तो फिरून नेहमी एकाच जागी येतो, म्हणून काटा कुठेही असला तरी शून्यावर उडी मारतो. हे पाच-सहा वेळा करा. काटा दर वेळी एकाच चुकीच्या जागी, समजा २ सेकंदांवर, थांबत असेल तर काटा नीट बसवला नाही एवढंच. ते पाच मिनिटांचं काम आहे. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर मी ते घड्याळ घेणार नाही. शेवटी स्टॉपवॉच चालू ठेवून अर्धा तास चहा प्या. मशीनमध्ये जुनं तेल घट्ट झालं असेल तर एवढ्या ओझ्याने घड्याळ मागे पडतं किंवा थांबतं.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडून नेमका हाच व्हिडिओ मागा, आणि मागचं झाकण उघडून आतला फोटोही. "आत्ताच सर्व्हिसिंग केलंय" हे वाक्य मी फुकट समजतो. एका "सर्व्हिस केलेल्या" घड्याळात मला झाकणाच्या आत कोरडी बुरशी मिळाली होती. बजेटमधले ८-१० हजार बाजूला काढून ठेवा, ते लागणारच. परदेशातून मागवलंत तर कस्टमचा भरणा वेगळा.

राहिलं रोज घालायचं. घाला, खुशाल घाला, पण माझ्या सायकोवर पाणी चालेल असं छापलंय, त्यावर विसंबून हातसुद्धा धुऊ नका. आतली रबरी रिंग पन्नास वर्षांची आहे. माझं घड्याळ जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाटात जातं आणि दसऱ्याला बाहेर येतं.